आगन्तुकाचे स्वागत : अमेरिकेतील संप्रदायमुक्त चर्च आणि आपले विहार

विहारातील पालि वर्ग संपल्यावर गेल्या काही वर्षांत एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा आईवडील असतात. मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेली असते. तेथे विद्यापीठातील सोबती, कचेरीतील सहकारी किंवा शेजारचे कुटुंब एखाद्या रविवारी आपल्या चर्चमध्ये येण्याचे आग्रहाचे निमंत्रण देते. मग घरी दूरध्वनी येतो. जावे की न जावे? गेल्यास काय घडेल? प्रार्थना म्हणावी लागेल काय? पैसे द्यावे लागतील काय? नकळत बाप्तिस्मा तर दिला जाणार नाही ना? शेवटचा प्रश्न ऐकून कोणी हसेल. परंतु ज्या समाजाने धर्मांतर हीच आपल्या आयुष्यातील सर्वांत गंभीर घटना मानली, त्या समाजातील आईबापांच्या मनात हा प्रश्न यावा, यात नवल नाही.

या प्रश्नांची उत्तरे माहितीच्या आधारे द्यावीत, हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतू आहे. दुसरा हेतू लेखाच्या ओघात स्पष्ट होईल. दुसऱ्याच्या घरी पाहुणा कसा वागविला जातो हे पाहिले, की आपल्या घरच्या उंबरठ्याकडेही लक्ष जाते.

‘संप्रदायमुक्त’ म्हणजे काय?

ख्रिस्ती धर्म अनेक संप्रदायांत विभागलेला आहे. रोमन कॅथलिक, लूथरन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट ही त्यांपैकी काही नावे. प्रत्येकाचा इतिहास, उपासनापद्धती व शासनव्यवस्था वेगळी आहे. बहुतेक संप्रदायांत स्थानिक मंडळीच्या वर बिशप, परिषद किंवा महासभा अशी एखादी व्यवस्था असते. जी मंडळी अशा कोणत्याही संप्रदायाची सभासद नसते, स्वतःचा पाळक स्वतः निवडते, आपली मालमत्ता स्वतः सांभाळते आणि आपला विश्वासलेख स्वतः तयार करते, तिला संप्रदायमुक्त म्हणतात. तिच्या नावात संप्रदायाचा उल्लेख नसतो. एखाद्या गावाचे, नदीचे, टेकडीचे किंवा ‘आशा’, ‘जीवन’, ‘कृपा’ अशा एखाद्या गुणाचे नाव तिने धारण केलेले असते.

संप्रदायांच्या भिंतींविषयीची ही अस्वस्थता महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावून घेण्याची त्यांची कल्पना होती. पुढे १९७० मध्ये नागपुरातच सहा मंडळ्यांचे एकीकरण होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आले. भिंती पाडून एक मोठे घर बांधावे, हा तो मार्ग होता. अमेरिकेतील संप्रदायमुक्त मंडळ्यांचा मार्ग याच्या उलट आहे. मोठे घर सोडून प्रत्येकाने आपली स्वतंत्र झोपडी उभारावी, असा तो मार्ग होय. त्या झोपड्यांपैकी काही पुढे हजारो माणसे मावतील एवढ्या प्रचंड झाल्या, ही गोष्ट वेगळी.

हा प्रवाह किरकोळ नाही. २०२० च्या अमेरिकी धर्मगणनेत अशा मंडळ्यांची संख्या ४४ हजारांहून अधिक आणि त्यांच्या अनुयायांची संख्या सुमारे २ कोटी १० लाख भरली. आपल्या मुलांना जे निमंत्रण येते, ते अशाच मंडळीकडून येण्याचा संभव मोठा आहे, तो यामुळेच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. संप्रदायमुक्त याचा अर्थ सिद्धान्तमुक्त असा नाही. पवित्र शास्त्र हे ईश्वराचे वचन आहे, मनुष्य पापी आहे, येशू ख्रिस्ताच्या मरणाने व पुनरुत्थानानेच त्याचे तारण होते आणि हे तारण व्यक्तिगत विश्वासाने मिळते, अशी यांपैकी बहुसंख्य मंडळ्यांची निश्चित श्रद्धा असते. बाह्य रूप सैल असले, तरी आतील सिद्धान्त सैल असतोच असे नाही.

नवागतासाठी रचलेली उपासना

या चर्चमधील वातावरण आज जसे दिसते, तसे ते आपोआप आलेले नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात हिप्पी तरुणांची एक मोठी लाट ख्रिस्ती धर्माकडे वळली. कोस्टा मेसा येथील ‘कॅल्व्हरी चॅपल’ या मंडळीचे पाळक चक स्मिथ यांनी या अनवाणी, लांब केसांच्या तरुणांना जसे होते तसे आत घेतले. त्यांच्याबरोबर त्यांची गिटारही आत आली. ऑर्गनच्या साथीने म्हटल्या जाणाऱ्या जुन्या स्तोत्रांच्या जागी त्या काळच्या लोकप्रिय संगीताच्या चालीवरील गीते रूढ होऊ लागली.

दुसरे पाऊल शिकागोजवळ पडले. १९७५ मध्ये बिल हायबेल्स व त्यांच्या सोबत्यांनी पॅलेटाइन या गावी भाड्याने घेतलेल्या चित्रपटगृहात ‘विलो क्रीक’ मंडळी सुरू केली. तत्पूर्वी त्यांनी घरोघरी जाऊन लोकांना विचारले होते की, तुम्ही चर्चमध्ये का जात नाही? तेथे सारखे पैसे मागतात, तेथील सारे कंटाळवाणे असते, आमच्या जीवनाशी त्याचा संबंध नसतो, अशा प्रकारची उत्तरे आली. ही उत्तरे समोर ठेवून त्यांनी आठवड्याअखेरची उपासना जिज्ञासूंसाठी रचली. भाषा सोपी ठेवली, नाट्य व संगीत यांचा उपयोग केला, पाहुण्याकडून कशाचीही अपेक्षा ठेवली नाही. श्रद्धावंतांची सखोल उपासना त्यांनी आठवड्याच्या मधल्या दिवशी वेगळी ठेवली. ही पद्धती पुढे असंख्य मंडळ्यांनी उचलली. जे येत नाहीत त्यांना दोष न देता, ते का येत नाहीत हे विचारावयास जाणे, या एका गोष्टीतून बरेच काही घडले, असे म्हणावे लागेल.

दारापासून आसनापर्यंत

आता नवागताला प्रत्यक्ष काय दिसते ते पाहू. प्रत्येक मंडळीत तपशिलाचा फरक असतो. परंतु सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

इमारत पारंपरिक चर्चसारखी असेलच असे नाही. ती जुनी वखार, शाळेचे सभागृह किंवा बाजारसंकुलातील गाळा असू शकते. उंच शिखर, रंगीत काचा, मूर्ती बहुधा नसतात. क्रूसही कधी लहानसा असतो, कधी नसतोच. वाहनतळावरच स्वयंसेवक मार्ग दाखवितात. दारात दोघेतिघे उभे असतात. ते हस्तांदोलन करून नाव विचारतात व स्वतःचे नाव सांगतात. आत कॉफी तयार असते. प्रथमच येणाऱ्यांसाठी एक मेज मांडलेले असते आणि तेथे माहितीपत्रक, क्वचित एखादी लहानशी भेटवस्तू मिळते. पोशाखाचा दंडक नसतो. पुष्कळदा पाळक स्वतःच साध्या सदऱ्यावर आणि जीन्सवर असतो.

मुलांची व्यवस्था विशेष पाहण्यासारखी असते. लहान मुलांसाठी वयानुसार वेगळे वर्ग असतात. अनेक ठिकाणी मुलाच्या अंगरख्यावर एक चिठ्ठी चिकटवितात आणि तोच क्रमांक असलेली दुसरी चिठ्ठी पालकाच्या हाती देतात. ती दाखविल्याशिवाय मूल कोणाच्याही स्वाधीन केले जात नाही. मुलाला वर्गात पाठविण्याची सक्ती नसते. आपल्याजवळ बसविले तरी चालते. या वर्गांत मुलांना पवित्र शास्त्रातील कथा व गीते शिकवितात, हे मात्र पालकांनी ध्यानात ठेवावे. ते निव्वळ पाळणाघर नसते.

सभागृहात लाकडी बाकांऐवजी खुर्च्या असतात. समोर वेदी नसून रंगमंच असतो आणि त्यामागे मोठा पडदा असतो. नवागताने कोठेही बसावे. जोडे काढावयाचे नसतात. उशीर झाला तरी कोणी वळून पाहत नाही.

उपासनेचा क्रम

एकूण कार्यक्रम साधारणतः एक ते दीड तासाचा असतो. आरंभी वीस ते तीस मिनिटे गायन चालते. ढोल, विद्युत् गिटार व कळफलकाचे वाद्य यांचा आवाज बराच मोठा असतो. गीताचे शब्द पडद्यावर उमटतात. लोक उभे राहून गातात. कोणी हात उंचावतात, कोणी डोळे मिटतात, एखाद्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहतात. काही मंडळ्यांत पवित्र आत्म्याच्या दानांवर विशेष भर असतो. तेथे न समजणाऱ्या भाषेत केलेली प्रार्थना ऐकू येते किंवा आजाऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली जाते. हे पाहून नवागताने घाबरण्याचे कारण नाही. त्याच्यावर कशाचीही सक्ती नसते.

त्यानंतर स्वागत व सूचना होतात. मग दानाची वेळ येते. कोठे थैली फिरते, कोठे दाराजवळ पेटी असते, तर अलीकडे बहुतेक जण दूरध्वनीवरूनच रक्कम पाठवितात. पाहुण्यांनी काही देण्याची आवश्यकता नाही, असे अनेक ठिकाणी व्यासपीठावरून स्पष्ट सांगितले जाते. सभासदांना मात्र उत्पन्नाचा दशांश देण्याची शिकवण असते. मंडळीचा खर्च त्यावरच चालतो.

उपदेश हा कार्यक्रमाचा मुख्य भाग असून तो अर्धा ते पाऊण तास चालतो. पुष्कळदा एकाच विषयावर अनेक रविवारांची माला असते. विवाह, चिंता, कर्ज, एकाकीपणा असे विषय घेऊन पाळक शास्त्रवचनांचा अर्थ सांगतो. दृष्टान्त रोजच्या जीवनातले असतात आणि विनोदही असतो.

प्रभुभोजनाचा विधी काही मंडळ्यांत दर रविवारी, तर काहींत महिन्यातून एकदा होतो. भाकरीचा लहानसा तुकडा व द्राक्षरस वाटला जातो. हा विधी ख्रिस्ताच्या मरणाच्या स्मरणार्थ असून तो श्रद्धावंतांसाठी आहे, असे सांगितले जाते. बाप्तिस्मा बहुधा जाणत्या वयात, स्वतःहून मागणाऱ्यालाच, पाण्यात पूर्ण बुडवून दिला जातो. त्यापूर्वी त्याच्याशी बोलणे होते व त्याला सर्वांसमक्ष आपला विश्वास प्रकट करावा लागतो. म्हणून ‘नकळत बाप्तिस्मा’ ही भीती अगदी निराधार आहे.

निर्णयाचा क्षण

खरी सावधगिरी बाळगावयाची ती दुसऱ्याच ठिकाणी. उपदेशाच्या शेवटी दिवे मंद होतात, वाद्ये हळू वाजू लागतात, सर्वांना डोळे मिटावयास सांगितले जाते. पाळक म्हणतो की, ज्यांना आज ख्रिस्ताचा स्वीकार करावयाचा असेल त्यांनी हात वर करावा, अथवा पुढे यावे, किंवा आपल्यामागून प्रार्थनेचे शब्द म्हणावेत. सर्वच चर्चमध्ये असे होत नाही. परंतु पुष्कळ ठिकाणी होते. सबंध सकाळचे स्वागत, संगीत व उपदेश या क्षणाकडे वाहत आलेले असतात.

यात लबाडी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांची अशी श्रद्धा आहे की, या स्वीकारावाचून मनुष्याचे तारण नाही, त्यांनी पाहुण्याला तसे विचारणे हे त्यांच्या दृष्टीने प्रेमाचेच कृत्य आहे. परंतु घरापासून दूर, एकाकी, परीक्षेच्या किंवा नोकरीच्या चिंतेने ग्रासलेल्या तरुणाला त्या क्षणी जे वाटते ते सिद्धान्ताचे आकलन असते, की प्रथमच कोणीतरी आपुलकीने विचारपूस केल्याचा ओलावा असतो, हे त्याने स्वतःस शांतपणे विचारले पाहिजे. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, पण त्या एक नव्हेत.

आपली परंपरा या बाबतीत अगदी वेगळ्या दिशेने बोट दाखविते. मज्झिमनिकायातील उपालिसुत्त पाहावे. निगण्ठांचा प्रमुख अनुयायी उपालि गृहपती वादासाठी भगवंतांकडे आला आणि तेथेच त्याने शरण जाण्याची इच्छा व्यक्त केली. तेव्हा भगवंतांनी त्याला थांबविले. नीट विचार कर; तुझ्यासारख्या सुप्रसिद्ध माणसाने विचारपूर्वक पाऊल टाकणेच योग्य, असा त्यांचा अभिप्राय होता. इतकेच नव्हे, तर तुझे घर आजवर निगण्ठांसाठी पाणवठ्यासारखे होते, तेव्हा यापुढेही त्यांना भिक्षा देत जा, असेही त्यांनी सुचविले. सीह सेनापतीच्या कथेतही हेच घडते. आणि आपल्या काळात पाहावे, तर बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास घोषणा केली व १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी अभ्यासात, तुलनेत व चिकित्सेत घालविली. ज्या निर्णयाला बाबासाहेबांना एकवीस वर्षे लागली, तो आपल्या मुलाने एका गीताच्या लयीत घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्याने विचारान्ती काही ठरविले, तर तो त्याचा अधिकार आहे.

बौद्ध पाहुण्याने कसे वागावे?

निमंत्रण स्वीकारण्यास धम्माची आडकाठी नाही. सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात सर्व पाषंडांचा, म्हणजे सर्व धर्मपंथांचा, आदर करावा आणि एकमेकांचा धर्म ऐकावा, असे सांगितले आहे. तेव्हा जावे, ऐकावे व पाहावे. जाण्यापूर्वी बोलावणाऱ्याला, “मी बौद्ध आहे, जाणून घेण्यासाठी येत आहे,” असे सरळ सांगावे. यामुळे दोघांचीही अडचण टळते.

सर्व उभे राहतात तेव्हा आपणही उभे राहावे. तो सभेचा शिष्टाचार आहे. गीतातील शब्द आपल्या मनाचे नसतील तर म्हणू नयेत. मौन राखणे हा अनादर नव्हे. प्रार्थनेच्या वेळी शांत बसावे. प्रभुभोजनाची तबकडी पुढे सरकवावी, कारण तो त्यांचा विश्वासविधी आहे. आपण सहज म्हणून त्यात भाग घेणे, हे त्यांच्याही श्रद्धेचा मान राखणे ठरत नाही. माहितीपत्रकावर पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिणे ऐच्छिक असते. तो लिहिल्यास नंतर विचारपूस होणार, घरगुती अभ्यासगटाचे निमंत्रण येणार, हे गृहीत धरावे. हात वर करण्याचा क्षण आला, तर ज्याला मनापासून जे म्हणावयाचे नाही त्याने ते म्हणू नये. भिडेखातर केलेली सम्मती ही मुसावादाच्या फार जवळ जाते.

बावीस प्रतिज्ञांत येशूचा उल्लेख नाही, म्हणून आपण दोन्हीकडे असू शकतो, असे काही तरुण म्हणतात. हा युक्तिवाद टिकणारा नाही. त्रिशरण ग्रहण करताना आपण आपले शरणस्थान स्पष्ट शब्दांत जाहीर केलेले असते. सृष्टिकर्ता ईश्वर, अमर आत्मा व तारणहाराच्या द्वारे मुक्ती ही त्यांची भूमिका. प्रतीत्यसमुत्पाद, अनात्म व स्वप्रयत्न ही आपली. यांतील अंतर सौजन्याने मान्य करावे, ते पुसून टाकू नये.

जे पहिल्या भेटीत दिसत नाही

पाहुण्याला दिसते ती दर्शनी बाजू. परंतु वरचेवर जाऊ इच्छिणाऱ्याने काही प्रश्न अवश्य विचारावेत. पाळकाला जाब कोण विचारतो? हिशेब कोणापुढे मांडला जातो? स्त्रियांना उपदेश करण्याचा व मंडळीचे ‘वडील’ होण्याचा अधिकार आहे काय? या प्रश्नांवर मंडळ्यांची मते भिन्न असतात आणि स्वागताच्या मेजावर त्यांची उत्तरे मिळतातच असे नाही. वर कोणतीही परिषद नसल्यामुळे स्वातंत्र्य मिळते, तसेच नियंत्रणही सुटते. वर उल्लेखिलेल्या विलो क्रीक मंडळीचेच उदाहरण घेऊ. २०१८ मध्ये संस्थापक हायबेल्स यांच्यावर स्त्रियांशी गैरवर्तनाचे आरोप झाले. त्यांनी ते नाकारले, परंतु पद सोडले. त्याच वर्षी वडीलमंडळाने राजीनामे दिले आणि २०१९ मध्ये स्वतंत्र सल्लागार गटाने आरोप विश्वासार्ह असल्याचा निष्कर्ष काढला. संप्रदायबद्ध चर्चमध्ये असे घडत नाही, असे मुळीच नाही. मात्र एका वक्तृत्वसंपन्न व्यक्तीभोवती उभ्या राहिलेल्या संस्थेचा धोका यातून दिसतो. विनयाने संघाचे निर्णय व्यक्तीच्या हाती न देता संघाच्या हाती का ठेवले, हेही यावरून कळते.

दुसरा प्रश्न समतेचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातील एका मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीयांना तेथून उठविण्यात आले आणि त्या अपमानातून पुढे रिचर्ड ॲलन यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांचा स्वतंत्र संप्रदाय १८१६ मध्ये उभा राहिला. रविवारी सकाळी अकराची वेळ ही अमेरिकेतील सर्वाधिक विभक्त वेळ आहे, अशी खंत मार्टिन ल्यूथर किंग यांनी व्यक्त केली होती. आज अनेक संप्रदायमुक्त मंडळ्यांत विविध वंशांचे लोक एकत्र बसतात, ही चांगली गोष्ट आहे. तरीही व्यासपीठावर कोण आहे, वडीलमंडळात कोण आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. भारतातील धर्मांतरितांच्या स्थितीविषयी लिहिताना बाबासाहेबांनी हीच कसोटी लावली होती. धर्म बदलल्यावर जात सुटली काय, असा त्यांचा प्रश्न होता आणि भारतीय ख्रिस्ती समाजाबाबत त्याचे उत्तर त्यांना समाधानकारक वाटले नव्हते.

विनयपिटकातील उंबरठा

आता लेखाच्या दुसऱ्या हेतूकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका परिसंवादानिमित्त अमेरिकेत असताना आम्ही स्वतः अशा एका चर्चमध्ये पाहुणे म्हणून गेलो होतो. उपदेशातील मतांशी आमचे जुळले नाही. परंतु दारात उभ्या असलेल्या वृद्ध गृहस्थांनी आमचे नाव विचारले आणि ते नीट उच्चारता यावे म्हणून दोनदा म्हणून पाहिले, हे आम्ही विसरलो नाही. परतताना आमच्या मनात एकच प्रश्न होता : त्याच रविवारी आपल्या एखाद्या विहाराच्या दारात एखादा अनोळखी मनुष्य येऊन उभा राहिला असता, तर त्याला काय अनुभव आला असता?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या ग्रंथांत पंचवीस शतकांच्या परंपरेने जपलेले आहे. चुल्लवग्गाच्या वत्तक्खन्धकात ‘आगन्तुकवत्त’ व ‘आवासिकवत्त’ सांगितले आहे. येणाऱ्या भिक्षूने कसे वागावे ते पहिल्यात आणि तेथे राहणाऱ्याने त्याचे स्वागत कसे करावे ते दुसऱ्यात. निमित्त मोठे बोलके आहे. काही आगन्तुक भिक्षू जोडे घालून, छत्री उघडी ठेवून आवारात शिरत. एकाने तर रिकाम्या विहाराची कडी काढून घाईने दार ढकलले, तेव्हा वरून साप त्याच्या खांद्यावर पडला आणि तो भयाने ओरडला. दुसरीकडे, आवासिक भिक्षू पाहुण्याला आसन देत नसत, पाणी विचारीत नसत, कोठे राहावे तेही सांगत नसत. म्हणून भगवंतांनी नियम घालून दिले. आपल्याहून ज्येष्ठ आगन्तुक आला तर आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी व पायाखाली पाट ठेवावा, सामोरे जाऊन त्याचे पात्र व चीवर हाती घ्यावे, पिण्याचे पाणी विचारावे. त्याला निवासाची जागा दाखवावी. भिक्षेला कोठे जावे, कोठे जाऊ नये हे सांगावे. शौचाची जागा, पिण्याचे व वापरण्याचे पाणी, संघाने ठरविलेल्या येण्याजाण्याच्या वेळा, हे सर्व सांगावे. आगन्तुक कनिष्ठ असला तरीही बसल्या जागेवरून का होईना, पण ही माहिती त्याला द्यावीच.

शौचालय कोठे आहे हे पाहुण्याला सांगणे, हा ज्या धर्मात विनयाचा नियम आहे, त्या धर्माला स्वागताचे शास्त्र बाहेरून आणण्याची गरज नाही. आपले तेच शास्त्र आपण विसरलो आहोत.

उपदेशाच्या बाबतीतही असेच आहे. अस्वस्थ होऊन पहाटे घराबाहेर पडलेल्या यसाला भगवंतांनी प्रथमच चार आर्यसत्ये सांगितली नाहीत. त्यांनी अनुपुब्बिकथा सांगितली. आधी दान, मग शील, मग स्वर्ग, त्यानंतर कामभोगांतील दोष व नैष्क्रम्याचा लाभ. त्याचे चित्त मृदू व प्रसन्न झाल्याचे पाहून मगच त्यांनी दुःख, समुदय, निरोध व मार्ग यांचा उपदेश केला. श्रोत्याच्या पात्रतेनुसार पायरीपायरीने जाण्याची ही पद्धत आहे. तिचा शेवट तारणाच्या तातडीत नसून ‘एहिपस्सिको’ या एका शब्दात आहे : या आणि स्वतः पाहा.

बाबासाहेबांनी ही उणीव अचूक ओळखली होती. १९५० मध्ये ‘महाबोधि’ मासिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी बौद्धांपुढे तीन कामे ठेवली. ख्रिस्ती लोकांच्या पवित्र शास्त्रासारखा एकच सुलभ ग्रंथ, भिक्षुसंघाच्या संघटनेत व उद्दिष्टांत बदल आणि जागतिक बौद्ध प्रचारसंस्था, ही ती कामे होत. पहिल्या कामासाठी त्यांनी स्वतः ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ सिद्ध केला. त्याच ग्रंथात त्यांनी असेही दाखवून दिले की, भिक्षू होऊ न इच्छिणाऱ्या सामान्य माणसासाठी वेगळा धम्मदीक्षाविधी नसणे ही मोठी त्रुटी होती आणि धम्माच्या ऱ्हासाचे ते एक कारण ठरले. उंबरठ्यावर उभा असलेला मनुष्य आत आला की बाहेरच राहिला, हे कळण्याची सोय नव्हती, असा त्याचा अर्थ.

आपल्या विहारांचे चित्र आज कसे आहे? पालि वन्दना सर्वांना पाठ असते, म्हणून ती नवागताला कोणी समजावून सांगत नाही. त्याच्या हाती पुस्तिका नसते. कधी उठावे, कधी बसावे, पुष्प केव्हा अर्पण करावे, हे तो शेजाऱ्याकडे पाहून जाणतो. भाषणे धम्मावर सुरू होतात आणि संस्थेच्या वादावर संपतात. मुले मागे कंटाळून बसतात. याहून वेदनादायक गोष्ट दुसरीच आहे. अन्य समाजातून जिज्ञासेने कोणी आला, तर त्याला नावापाठोपाठ आडनाव विचारले जाते आणि आडनावामागून डोळ्यांत एक प्रश्न उमटतो. ज्या प्रश्नाने आपल्या आजोबांना मंदिराबाहेर उभे केले, तोच प्रश्न आपण विहाराच्या दारात, भले संशयापोटी किंवा सवयीने का होईना, विचारावा काय? नद्या समुद्राला मिळाल्या की आपली जुनी नावे सोडतात, हा भगवंतांचा दृष्टान्त आपण भाषणांत नेहमी सांगतो. तो उंबरठ्यावर पाळला गेला पाहिजे.

स्वागत हेच सर्वस्व, असे मात्र मानू नये. २००७ मध्ये विलो क्रीक मंडळीने स्वतःच्या कार्याची पाहणी प्रसिद्ध केली. कार्यक्रमांतील सहभाग वाढला म्हणून आध्यात्मिक प्रगती होतेच असे नाही, अशी प्रांजळ कबुली तीत होती. कॉफी व गोड शब्द माणसाला आत आणतात, परंतु शील व प्रज्ञा त्याला टिकवितात. आपल्याकडे टिकविणारे धन विपुल आहे. दार मात्र अर्धेच उघडे आहे.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. प्रत्येक विहाराने रविवारी व पौर्णिमेला दाराशी एक उपासक व एक उपासिका उभी करावी. त्यांनी नाव विचारावे, आडनाव विचारू नये. चपला कोठे ठेवाव्यात, पाणी कोठे आहे, कार्यक्रम किती वेळ चालेल, हे सांगावे. वन्दना व तिचा मराठी अर्थ छापलेले एक पान हाती द्यावे. पुष्प किंवा दान अर्पण न केले तरी चालते, नुसते बसून ऐकावे, असे आपण होऊन सांगावे. मुलांसाठी अर्धा तास वेगळा वर्ग घ्यावा. निरोप देताना पुन्हा येण्याची गळ घालू नये; शंका असल्यास कोणाला विचारावी, एवढे सांगावे.

अमेरिकेत गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना आमचे उत्तर असे की, मुलांना जाऊ द्यावे, पाहू द्यावे, प्रश्न विचारू द्यावेत. ज्याला आपला धम्म समजला आहे, त्याला दुसऱ्याच्या दारात भय नाही. पण ती मुले सुटीत घरी आली आणि आपल्या अमेरिकी मित्राला सोबत घेऊन विहारात आली, तर त्या मित्राला दारात कोण भेटणार, हे आपण आजच ठरवावयास हवे.